टाकीवरून दिसतं ते सगळं

डिसेंबर अर्धा सरला की आमच्या अंबरनाथमध्ये काही सकाळी अशा येतात की मलंगगड जवळ सरकल्यासारखा वाटतो. एरवी तो धुरकट, ओल्या बोटाने पुसल्यासारखा दिसतो. पण त्या सकाळी रात्रीच्या वाऱ्याने कंपन्यांचा धूर कुठेतरी खाडीकडे ढकललेला असतो, आणि डोंगराच्या अंगावरची प्रत्येक घळ, प्रत्येक वाळकं झुडूप दिसायला लागतं. बिल्डिंगमधली माणसं गच्चीवर जातात, मोबाइलवर फोटो काढतात, मला वरून हाक मारतात. "काकू, या ना वर, काय क्लिअर दिसतंय!" मी सांगते, गॅसवर दूध आहे. गॅसवर काही नसतं.

स्वच्छ हवेची मला लाज वाटते. लिहिल्यावर हे वाक्य वेड्यासारखं दिसतं, पण माझ्यापुरतं ते खरं आहे. हवा इतकी स्वच्छ झाली की मी नकळत पदर सारखा करते, खांदे आत घेते, आपण कुणाच्या नजरेच्या टप्प्यात आहोत का ते बघते. एका हिवाळ्याने लावलेली ही सवय आहे.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. लग्न होऊन मला वर्षभर झालं असेल. यांना फॅक्टरीत नोकरी होती, पण क्वार्टरचा नंबर लागला नव्हता, म्हणून आम्ही चिखलोलीच्या बाजूला एका बैठ्या चाळीत राहायचो. दोन खोल्या, डोक्यावर पत्रा, समोर सामाईक नळ. भिंती पातळ, माणसं मायाळू. सगळी आमच्याच समाजाची, कुणी फॅक्टरीत, कुणी केमिकल कंपनीत, कुणी नगरपालिकेत. संध्याकाळी विहारातून वंदनेचा आवाज यायचा आणि त्याच वेळी सगळ्या घरांतून फोडणीचा वास. मला तिथे काहीच कमी नव्हतं, एक सोडून. चाळीला संडास नव्हता.

बायका पहाटे अंधारात बाभळींच्या पलीकडे मैदानात जायच्या. मैदानाच्या टोकाला मातीचा उंच बांध होता. त्याच्यापलीकडे रेल्वे, म्हणून रेल्वेवाल्यांपासून आडोसा; अलीकडे बाभळी, म्हणून चाळीपासून आडोसा. "बाहेर जाऊन येते" एवढंच म्हणायचं. पुरुषांची जागा वेगळी होती, नाल्याच्या अंगाला. आणि आमच्या वस्तीतल्या पुरुषांना एक वळण होतं. बायकांच्या मैदानाकडे ते बघत नसत. तिथून जाणंयेणं झालंच तर मान दुसरीकडे. लहान मुलगासुद्धा तिकडे टक लावून उभा राहिला तर कुणीतरी मोठा माणूस त्याच्या डोक्यावर टपली मारून त्याचं तोंड फिरवायचा.

मी इगतपुरीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. परसात विटांचा संडास, त्याला दार, दाराला आतून कडी. त्या कडीबद्दल मी आयुष्यात कधी विचार केला नव्हता. सासरी आल्यावर पहिल्या पहाटे शेजारच्या कमलवहिनी माझ्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. हातात दोन डबे. एक माझा. "चल," म्हणाल्या, "उजाडायच्या आत यायला लागतं." मी रडत होते, त्या अंधारात त्यांना दिसलं नसावं असं मला वाटलं होतं. परत येताना म्हणाल्या, "मी पण रडले होते. आठ दिवस. मग थंडीच एवढी वाजायला लागली की रडायचं राहूनच गेलं."

माहेरी मी सांगितलं होतं, मागे सोय आहे. आईने पुन्हा विचारलं नाही. यांच्याशी तर या विषयावर शब्दच नव्हता. रात्री अंथरुणावर आम्ही जगभराच्या गोष्टी बोलायचो. हे फॅक्टरीतल्या, मी शाळेतल्या, कारण मी तेव्हा बालवाडीवर लागले होते. पण दिवस उजाडण्याआधी मी कुठे जाते, कशी जाते, पोट बिघडलं तर दिवसभर काय करते, हे आम्ही कधीच बोललो नाही. लाज म्हणजे नुसतं लाल होणं नसतं. घरात एक जागा अशी तयार होते की तिच्यावरून दोघंही पाय उचलून जातात.

यांचं नाव यशवंत. यांना फोटोचं वेड होतं. रविवारी उल्हासनगरला परसूअंकलच्या स्टुडिओत जाऊन बसायचे. परसूअंकल सिंधी, वयाने बरेच मोठे, गोल चेहऱ्याचे, लग्नाच्या सीझनला यांना मदतीला घ्यायचे आणि बदल्यात डार्करूम वापरू द्यायचे. हे माणसांचे फोटो मात्र कमी काढायचे. डोंगर, रूळ, पावसात भिजलेले पत्रे. मी एकदा म्हटलं, "माझा काढा की एक." तर म्हणाले, "तू रोज दिसतेस."

त्या हिवाळ्यात त्यांच्या डोक्यात एक गोष्ट शिरली. ऑफिसात कुठेतरी त्यांनी गावाचा एक जुना फोटो पाहिला होता, उंचावरून काढलेला, लांबलचक. त्यात देऊळ होतं, स्टेशन होतं, साहेबांचे बंगले होते. आमची वस्ती जिथे असायला हवी तिथे नुसता करडा डाग. ते घरी आले तेच तणतणत. "डाग, सुमन! माणसं राहतात तिथे आणि फोटोत डाग!" मग जेवता जेवता थांबले, म्हणाले, "असा फोटो काढायचा की दाराची कडी दिसली पाहिजे. भिंतभर. प्रत्येकाने येऊन आपलं घर शोधायचं."

एप्रिलमधल्या जयंतीला वस्तीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये तो लावायचा असं ठरलं. चार महिने हातात होते. ते चार महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता, आणि खरं सांगते, आमच्या संसारातले ते सगळ्यांत सुखाचे दिवस होते. त्यांनी मला जमिनीवर पापड मांडून समजावलं. एका मोठ्या फोटोत बारीक दिसत नाही, म्हणून लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सने छोट्या छोट्या तुकड्यांचे पुष्कळ फोटो काढायचे, प्रत्येकाची कड दुसऱ्यावर थोडी चढलेली, आणि मग ते सगळे शेजारी शेजारी, वर खाली चिकटवायचे. मी म्हटलं, "म्हणजे गोधडी." ते इतके खूश झाले की चाळभर सांगत सुटले, "आमची गोधडी होतेय."

प्लायवुडची एक तबकडी कापली, तिच्यावर कोनमापकाने रेषा आखल्या, म्हणजे कॅमेरा दर वेळी नेमका तेवढाच फिरेल. तबकडीच्या एका भागावर त्यांनी लाल रंग फासला. ती फॅक्टरीची दिशा. संरक्षण खात्याची फॅक्टरी, तिचा फोटो काढायला बंदी. लाल भागात कॅमेरा वळवायचाच नाही. त्या बाबतीत हे फार काटेकोर होते. "चुकून एक कोपरा जरी आला तरी नोकरी जाईल," म्हणायचे, आणि पुन्हा पुन्हा मापून तो लाल भाग थोडा थोडा वाढवायचे.

परसूअंकल एकदा फिल्म घेऊन घरीच आले. माझ्या हातचा चहा पिता पिता म्हणाले, "भाभी, ये फिल्म एकदम स्लो है. कागदपत्रांची कॉपी काढतात ना, तसली. पण दाणा इतना बारीक, साईं, सुई भी दिखेगी." दाणा म्हणजे फोटो ज्या ठिपक्यांनी बनतो ते, आणि स्लो म्हणजे काय, हे यांनी सांगितलं. जे हलेल ते पुसट होईल, जे स्थिर असेल तेच उमटेल. म्हणून माणसांची वर्दळ नको. रविवार हवा, कंपन्या बंद, धूर कमी. आणि सूर्य उगवल्याबरोबरचा कलता उजेड हवा, पाठीमागून येणारा, म्हणजे प्रत्येक वस्तूची कड उठून दिसते.

जागा ठरली ती पाण्याची टाकी. वस्तीच्या पूर्वेला टेकाडावर नवी बांधलेली, उंच, अजून पाणी न सोडलेली. मंडळाच्या लोकांनी वॉचमनशी बोलून परवानगी काढली. जागा बघायला एका रविवारी दुपारी हे मला घेऊन वर चढले. लोखंडी शिडी, वारा, माझी साडी. वर पोचून मी कठडा घट्ट धरला, पण समोर बघितलं आणि भीती विसरले. खाली आपलं सगळं जग मांडून ठेवलेलं. रेल्वेचे रूळ उन्हात चमकत होते. उल्हासनगरच्या बाजूला घरांची इतकी दाटी की मध्ये गल्ली आहे हे अंदाजानेच ओळखायचं. वालधुनी नदीचं पाणी त्या दिवशी जांभळं होतं, कुठल्यातरी कंपनीने रंग सोडला असेल. बदलापूरकडे भात कापलेली पिवळी शेतं, त्यामागे चंदेरीचा सुळका. आणि आमची चाळ, दोरीवर माझीच हिरवी साडी वाळत घातलेली.

मग मला मैदान दिसलं. बाभळी वरून अगदीच विरळ होत्या. बांधाची ही बाजू आमच्यासमोर तळहातासारखी उघडी होती. टाकी बांधण्याआधी त्या उंचीवर कुणी नव्हतंच, म्हणून आडोशाला वरून झाकण हवं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

"तिकडचं पण येणार?" मी विचारलं.

"सगळं येणार!" हे हात पसरून म्हणाले. "फॅक्टरी सोडून सगळं."

मी पुढे बोलायला तोंड उघडलं होतं. पण काय शब्द वापरायचा? आमच्या दोघांत त्या जागेला नावच नव्हतं. मनाशी म्हटलं, आपण अंधारात जातो, उजाडायच्या आत घरी असतो. मी त्यांच्या हाताला धरून शिडी उतरले.

फोटोचा रविवार जानेवारीत आला. अशी थंडी की नळाच्या पाण्याला हात लावल्यावर बोटं दुखायची. पहाटे उठून मी चहाचा थर्मास भरला, दोघांसाठी चपात्या आणि चटणी करायला घेतली. स्टोव्ह मध्येच बसला. पिन मारली, रॉकेल संपत आलं होतं, कमलवहिनी त्यांच्याकडचं रॉकेल घेऊन आल्या आणि तव्याजवळ बसून मला चपात्या भाजू लागल्या. परसूअंकल दारात उभे, कॅमेऱ्याची तिवई खांद्यावर. हे सारखे आकाशाकडे बघत होते. एकदाचे ते दोघं डबा घेऊन निघाले. पूर्वेला तांबडं फुटलं होतं.

कमलवहिनी म्हणाल्या, "आपलं राहिलं गं."

यांचा फॅक्टरीतला जुना खाकी कोट खुंटीवर होता. मी तो अंगात चढवला आणि आम्ही दोघी जवळजवळ पळतच निघालो. मैदान रिकामं होतं, बाकीच्या येऊन गेलेल्या. आम्ही बांधाशी पोचलो आणि सूर्य वर आला. टाकीच्या मागून. सगळं मैदान एका क्षणात सोनेरी झालं, गवतावरचं दव चमकायला लागलं, आणि टाकीच्या कठड्यावर दोन काळ्या आकृत्या दिसल्या, तीन पायांच्या एका वस्तूवर वाकलेल्या.

मी खाली बसलेली होते. मान गुडघ्यांत घातली आणि हलले नाही. हलल्यावर दिसू, असं वाटलं. जनावरं तसंच करतात.

त्यानंतरचे आठवडे माझ्या मनात एकच गोष्ट मी घोकत होते. किती लांब होतो आपण. मुंगीएवढ्या. त्यांची सगळी धडपड मुंगीसुद्धा दिसावी म्हणूनच होती, हे मला कळत होतं, पण मन दुसरीकडे वळवत होते. हे रोज रात्री उल्हासनगरहून यायचे ते डार्करूमचा आंबट वास घेऊन. आनंदाने त्यांना झोप लागायची नाही. "कमलवहिनींच्या दारावरचं खडूचं स्वस्तिक... अगं नाही, उज्ज्वलाने काढलेलं फूल आहे ते, ते पण दिसतंय!" उज्ज्वला म्हणजे कमलवहिनींची मुलगी, तेव्हा पहिलीत की दुसरीत. मी विचारायची, "माणसं दिसतात का?" ते म्हणायचे, "चालणारी पुसट झाली. बरंच झालं."

त्यांनी प्रत्येक तुकडा भिंगाखाली तपासला होता. दारं, पत्रे, कौलं, खिडक्या. मैदानाचा तुकडाही त्यांच्या हातांतूनच गेला. पण त्यांनी मैदान बघितलं नाही. लहानपणापासून मान फिरवायची सवय. कॅमेऱ्याला ती सवय कुणी लावली नव्हती.

जयंतीच्या दिवशी सकाळपासून हॉलमध्ये गर्दी. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, नवे कपडे घातलेली पोरं, बाहेर सरबताचं पिंप. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमची वस्ती. करडा डाग नाही, घरं. इतकं सुंदर काही मी पाहिलं नव्हतं. म्हातारी माणसं नाक लावून बघत होती. "ही माझी कोंबडी," कुणीतरी ओरडलं, "कोंबडी बसलीय बघ!" दोऱ्या बांधून भिंगं लटकवली होती, ती हातोहात फिरत होती. लोक यांच्या पाठीवर थाप मारत होते. माझे वडील आणि भाऊ मुद्दाम इगतपुरीहून आले होते. बाबांनी जावयाला मिठी मारली. मी इतकी अभिमानात होते की मधला काही वेळ मी खरंच विसरले.

कमलवहिनींनी माझा दंड धरला तेव्हा त्यांचा हात गार होता. "सुमन. तिकडे ये." भिंतीच्या एका भागात काही तरुण पोरं घोळक्याने उभी होती. त्यातला एक भिंगातून बघत होता आणि दुसऱ्याला कोपर मारत होता. ती हसत नव्हती, हसू दाबत होती. आम्ही जवळ गेल्यावर ती एकदम पांगली.

मी भिंग लावलं. खाकी कोट. कोटाची फाटलेली कॉलर, जी मी स्वतः काळ्या दोऱ्याने शिवली होती, तो टाकासुद्धा दिसला असं मला वाटलं. तो बहुतेक मीच मनाने बघितला. खाली गवत. डबा. मी. गुडघ्यांत मान घातलेली, त्यामुळे चेहरा नाही. पण चाळीतलं कोण तो कोट ओळखणार नव्हतं? एवढ्या मोठ्या फोटोत जे जे हललं होतं ते धुराच्या रेषेसारखं झालं होतं, सायकलवाला, कुत्रा, दोरीवरचे कपडे. मी हलले नव्हते.

आणि त्याच वेळी मला बाबांचा आवाज आला. ते भावाला घेऊन भिंतीच्या कडेकडेने सरकत होते, भिंग डोळ्याला लावून. "आता सुमनचं घर कुठे ते बघू. बाभळी दिसल्या म्हणजे जवळच असेल."

मी काही ठरवलं नाही. वळले आणि त्या जागेवर पाठ टेकून उभी राहिले.

बाबा आले. "अगं, बाजूला हो ना. बघू दे."

"इथे काही नाही, बाबा. घर तिकडे आहे."

"मग इथे काय आहे?"

"मैदान आहे नुसतं."

कमलवहिनी माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही पाठ टेकली. चाळीतल्या एकदोघी बघत होत्या, त्यांना काय उमजलं कुणास ठाऊक, किंवा मैदान हा एकच शब्द पुरला असेल. त्या आल्या. मग आणखी आल्या. पांढऱ्या साड्यांची एक रांग भिंतीला पाठ लावून उभी राहिली, जणू आमचाच फोटो कुणी काढणार आहे. हे लांबून हसत हसत आले, चारचौघांत मोठ्याने म्हणाले, "अहो मॅडम, लोक घर शोधायला आलेत, तुम्हाला बघायला नाही! सरका." लोक हसले. मी सरकले नाही. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि त्यांचं हसू गेलं, पण त्यांना काही कळलं नव्हतं.

बाबांनी हातातलं भिंग सोडून दिलं. ते दोरीवर झुलत राहिलं. ते भावाला आणि आजूबाजूच्या पुरुषांना म्हणाले, "चला, चहा घेऊ बाहेर. गरम होतंय इथे." आणि सगळ्यांना घेऊन गेले. त्यांना काय समजलं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. संध्याकाळी निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. बोलले असते तर मी मेले असते.

हॉल रिकामा झाल्यावर मी भिंतीपासून दूर झाले. हे आणि परसूअंकल खुर्च्या गोळा करत होते. मी म्हटलं, "आता बघा."

त्यांनी भिंग लावलं. मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. शर्ट घामाने चिकटलेला. ती पाठ हळूहळू वाकत गेली.

"मी तिकडे कधी बघतच नाही, सुमन," ते म्हणाले. भिंतीकडे तोंड करूनच. "कधीच बघत नाही."

"माहीत आहे."

"मला वाटलं मोकळी जागा आहे."

मला रागवायचं नव्हतं. पण तोंडातून आलं ते आलंच. "फॅक्टरी दिसू नये म्हणून तुम्ही लाल रंग लावलात. रोज मापायचात. आमच्यासाठी बोटभर तरी लावायचा होता."

परसूअंकल खुर्ची हातात धरून उभे होते. त्यांनी भिंतीकडे बघितलंच नाही. खाली बघत म्हणाले, "भाभी, मैं भी ऊपर था. मेरे को भी नहीं दिखा." मग खुर्ची खाली ठेवून, "ब्रश से झाड़ी बना देता हूँ. किसी को पता नहीं चलेगा."

"नको," हे म्हणाले. त्यांनी नखाने त्या तुकड्याची कड उचलली आणि तो भिंतीवरून सोलून काढला. चांगला चिकटवलेला होता, फाटत फाटत निघाला. मागे चौकोनी पांढरी जागा राहिली. दुसऱ्या दिवशी ती जागाही नको झाली, आणि त्यांनी सगळीच गोधडी उतरवून गुंडाळून माळ्यावर टाकली. लोकांनी विचारलं तर म्हणाले, ओल लागली.

त्यानंतर त्यांनी कॅमेरा विकला. मी नको म्हटलं होतं. मंडळाच्या माणसांबरोबर ते नगरपालिकेत खेपा घालायला लागले, आणि काही वर्षांनी चाळीमागे संडासांची एक रांग उभी राहिली, पत्र्याच्या दारांची. तोपर्यंत आमचा क्वार्टरचा नंबर लागला होता. पहिल्या दिवशी मी क्वार्टरच्या संडासात जाऊन आतून कडी लावली आणि तशीच उभी राहिले, बराच वेळ. सुख वाटायला हवं होतं. वाटलं ते असं, की कमलवहिनींना मी मागे टाकून आले.

त्या तिथेच राहिल्या. नव्वदच्या दशकात एका पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली आणि त्या पंधरा दिवसांत गेल्या. मी उशाशी होते. त्यांना माझ्याशी खूप बोलायचं होतं, पण ताकद नव्हती.

उज्ज्वलाचं लग्न ठरलं तेव्हा ती आमच्याकडे पत्रिका घेऊन आली. चहा झाला. उठायच्या बेताला ती यांना म्हणाली, "काका, तुम्ही एवढे फोटो काढायचात. माझ्या आईचा एखादा असेल ना? आमच्याकडे एकच होता, लग्नातला. तो पेटीत ओल लागून गेला. मला आता तिचं तोंड डोळ्यांसमोर नीट येत नाही."

हे माझ्याकडे बघेनात. मी त्यांच्याकडे बघेना. एवढी वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलेलो, दिवाळी, जयंती, बारशी सगळी एकत्र. डोंगराचे शंभर फोटो होते. कमलवहिनींचा एक नव्हता. त्या स्वतःच म्हणायच्या, माझा कशाला, आणि आम्ही ते खरं मानलं होतं. मला एवढी लाज त्या भिंतीपाशीही वाटली नव्हती.

उज्ज्वला गेल्यावर हे स्टुलावर चढले. फोटो फाडला होता, निगेटिव्ह नव्हती फाडली. ती बिस्किटांच्या डब्यात होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली आणि खोलीबाहेर गेले. मी ती खिडकीच्या उजेडात धरली. काळं मैदान, पांढरी बाभळ. मी बसलेली, मान घातलेली. आणि माझ्या शेजारी कमलवहिनी, उभ्या. त्या दिवशी हॉलमध्ये मी फक्त स्वतःलाच बघितलं होतं. त्या उठून उभ्या राहिलेल्या होत्या, एक हात कपाळावर आडवा धरून, सरळ टाकीकडे बघत. चेहरा पूर्ण.

परसूअंकल तेव्हा थकले होते, पण डार्करूममध्ये स्वतः गेले. बाकी सगळं झाकून त्यांनी तेवढाच चेहरा मोठा केला. दाणे दिसत होते, कडा फुटल्या होत्या. पण त्या कमलवहिनी होत्या.

उज्ज्वलाने फोटो दोन्ही हातांत धरला. खिडकीच्या उजेडात नेला. मग म्हणाली, "काकू, कुठे काढलाय हा?"

अंगणात काढला, सहलीला काढला, काहीही सांगता आलं असतं. हे दारात उभे होते. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. मैदान, डबा, स्टोव्ह, उशीर. मैदानाचं नाव मी यांच्यासमोर पहिल्यांदा मोठ्याने उच्चारलं.

उज्ज्वलाने फोटोवरून बोट फिरवलं, ओठांवरून. "पण ही हसतेय, काकू."

"हो."

"अशा वेळी? का?"

मला ते आठवत होतं. कुणालाच सांगितलं नव्हतं इतकी वर्षं. "मी खाली बसून रडत होते," मी म्हटलं, "आणि तुझी आई उभी राहून मला म्हणत होती, ऊठ गं सुमे, तोंड तरी दाखव. आपला कोण काढतंय फोटो परत?"